चूक असेल तर बायबलमधून दाखवा

नमस्कार श्रोतेहो, युरोपातल्या धर्मसुधारणेचा विषय निघाला की आपण १५१७ साल, जर्मनीतलं विटेनबर्ग, तिथला धर्मगुरू मार्टिन ल्यूथर, त्यानं चर्चच्या कारभारावर मांडलेले ९५ मुद्दे इथपर्यंत येतो आणि थांबतो, पण मला आज त्यापुढची आठ वर्षं सांगायचीयत, कारण तेव्हा ही गोष्ट चर्चच्या दारातून निघून थेट शेतकऱ्याच्या गोठ्यात शिरली आणि जर्मन शेतकऱ्यांचं मोठं बंड उभं राहिलं.

गोठा म्हणतोय ते उगाच नाही. तिकडं घरातला कर्ता माणूस गेला की जमीनदार येऊन सगळ्यात चांगलं जनावर सोडून न्यायचा, म्हणजे एकीकडं मयत आणि दुसरीकडं दावणीची गाय चाललेली. वेठ होतीच. जंगलातलं लाकूड, ओढ्यातले मासे, जे पूर्वी गावाचं होतं तेही मालकाचं झालं.

१५२२ मध्ये ल्यूथरनं बायबलचा नवा करार साध्या माणसाला कळेल अशा जर्मनमध्ये छापला आणि एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं असं सुरू झालं. आणि मग मार्च १५२५ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या मेमिंगन गावात सेबास्टियन लोत्सर नावाच्या फरचे कपडे शिवणाऱ्या कारागिरानं शेतकऱ्यांच्या बारा मागण्या लिहिल्या. तिसरी मागणी मला फार भिडते. ख्रिस्तानं रक्त सांडून सगळ्यांनाच सोडवलंय, मेंढपाळाला आणि वरच्यातल्या वरच्यालाही, मग आम्ही कुणाच्या मालकीचे कसे? आणि बारावीत ते म्हणतात, यातलं काही चुकीचं असेल तर बायबलमधून दाखवा, आम्ही ती मागणी सोडू. किती सरळ माणसं होती बघा! दोन महिन्यांत या पत्रकाच्या अंदाजे २५ हजार प्रती छापल्या गेल्या, आणि तेही हातानं दाबायच्या छापखान्यावर.

ल्यूथरनं एप्रिलमध्ये राजे आणि शेतकरी दोघांनाही सुनावलं. शेतकऱ्यांकडूनही भयानक गोष्टी झाल्या, वाइन्सबर्गला त्यांनी एका सरदाराला भाल्यांच्या रांगेतून पळवत मारलं, ते लपवायचं कारण नाही. पण मे महिन्यात ल्यूथरनं लिहिलं की या लोकांना मारा, कापा, भोसका, आणि ते मला आजही पचत नाही, कारण माणसं मोकळी आहेत हे त्यानंच तर त्यांना शिकवलं होतं.

१५ मे ला फ्रांकनहाउझनच्या टेकडीवर थॉमस म्युन्त्सर या बंडखोर धर्मोपदेशकाच्या मागं हजारो शेतकरी जमले होते, त्यांच्या झेंड्यावर इंद्रधनुष्य होतं, आणि त्यात सूर्याभोवती रंगीत कडं दिसलं तेव्हा देव आपल्या बाजूला आहे असं त्यांना वाटलं. समोर राजांच्या तोफा. थोड्याच वेळात सगळं संपलं, म्युन्त्सरचं पुढं डोकं उडवलं. या सगळ्या बंडात सत्तर हजार ते एक लाख माणसं मेली असा अंदाज आहे.

लोत्सर जीव वाचवून स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलेनला पळाला. त्यानंतर त्याचं नाव कुठल्याच कागदावर सापडत नाही.