खाजन बांधावरचा पैसा कुठे मुरतो

मंडळी, सर्वांत कमी दराची निविदा म्हणजे बचत, हा समज खाजन शेतीला, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतीला, फार महाग पडला आहे. गोव्यात खाजन जमीन सुमारे 18,000 हेक्टर. बरीचशी मांडवी-झुआरीच्या काठची आणि भरतीच्या पातळीखालची. ती तगते मातीच्या बांधावर आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणदाराच्या, झडपांवर. म्हणून बांधाच्या सरकारी योजनेतले काम कितीला झाले हे नंतर विचारा; एक हेक्टर एक वर्ष खाऱ्या पाण्यापासून राखायला किती पडले, ते आधी विचारा.

समजा, बांधाआड 20 हेक्टर शेत आहे. 10 लाखांची डागडुजी दोन वर्षांत वाहून गेली, तर हेक्टरी वर्षाला 25,000 रुपये पडले. 18 लाखांचा बांध वर्षाला 40,000 ची देखभाल घेत 15 वर्षे टिकला, तर 24 लाख भागिले 300, म्हणजे 8,000. यात बुडालेले पीक धरलेलेच नाही. खारे पाणी एकदा शिरले की नुसते बांध बुजवून भागत नाही, मीठ पावसाने धुऊन निघावे लागते.

बांध फुटायची सुरुवात बहुधा कुरलीच्या (खेकड्याच्या) बिळातून होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरती पूर्ण असताना, बांधाच्या आतल्या पायथ्याने चालत जा. पाझर नितळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर आतली माती वाहते आहे; ते बीळ त्याच ओहोटीला उकरून चिकणमातीने ठोकून भरायचे. दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम. पण योजनेत नव्या बांधाला पैसे मिळतात, या अर्ध्या दिवसाला नाही!

कामाचा आदेश मार्चअखेर निघाला की घाई ठरलेली. चिकणमाती वीतभर थराने टाकून प्रत्येक थर ठोकायला हवा. प्रत्यक्षात डंपर रिकामा होतो आणि सैल ढिगाचेच मोजमाप बिलात चढते. पहिल्याच पावसात तो ढीग खचतो. माती बांधाच्या कुशीतूनच उपसली असेल तर पायथाही घसरतो. वरून काँक्रीटचा थर चढवला तर माती बसते, काँक्रीट तसेच राहते, आणि मधल्या पोकळीत कुरल्यांना आयते घर मिळते.

मानशीचे दुखणे वेगळे. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडपा उघडतात, भरतीला आपोआप मिटतात. पण मानशीवरच्या मासळीचा हक्क लिलावात घेणारा कधीकधी भरतीच्या वेळी त्या टेकू देऊन उघड्या ठेवतो. खारे पाणी शेतात शिरतेच, शिवाय त्या ओढीने पोंयचा (मानशीच्या आतल्या पाण्याच्या खळग्याचा) तळ आणि बांधाचा पायथा खरवडला जातो. म्हणून लिलावाच्या अटीतच लिहून घ्या: झडपांचा ताबा टेनंट असोसिएशनकडे (कुळांच्या संघटनेकडे), आणि लिलावाच्या रकमेतला ठरावीक भाग फळ्यांसाठी बाजूला. फळ्या मे महिन्यात तपासा. मिटलेल्या झडपेतून पलीकडचा उजेड दिसला, तर ती फळी पावसाआधी बदलायची.