लँकेस्टरच्या शेपटीकडे

(दृश्य: हॅमिल्टनची धावपट्टी. एकेक इंजिन सुरू होतं.)

ही चार मर्लिन इंजिनं. हा आवाज मुद्दाम कमी केलेला नाही.

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या विमान संग्रहालयाचं हे लँकेस्टर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बनावटीचं बॉम्बर. आज जगात उडू शकणारी लँकेस्टर दोनच आहेत, त्यातलं हे एक. 1945 साली टोरांटोजवळ मॉल्टनला बांधलेलं. निवृत्तीनंतर ते गोडरिच गावात चौथऱ्यावर, बर्फापावसात उभं होतं. 1977 मध्ये संग्रहालयानं ते मिळवलं. दुरुस्तीला जवळपास दशक लागलं. सप्टेंबर 1988 मध्ये ते पुन्हा उडालं.

(दृश्य: विमानाच्या अंगावरची अक्षरं.)

केबी 726, व्हीआर-ए. हा रंगवलेला क्रमांक या विमानाचा नव्हे. अँड्र्यू मायनार्स्कीच्या विमानाचा आहे.

मायनार्स्की विनिपेगचा, पोलंडहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा. हवाई दलात येण्याआधी चामड्याच्या कामावर होता. 419 स्क्वाड्रनमध्ये तो विमानाच्या पाठीवरच्या टरेटचा, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या कोठीचा, गनर झाला. वय 27. 12 जून 1944 च्या रात्री इंग्लंडमधल्या मिडलटन सेंट जॉर्जहून ते निघाले, फ्रान्समधल्या कांब्रेचं रेल्वे यार्ड उडवायला. नॉर्मंडीकडे जाणारी जर्मन कुमक अडवायची होती. निघण्याआधी त्याला गवतात चार पानांचं क्लोव्हर सापडलं. तिकडे ते शुभ मानतात. त्यानं ते शेपटीतल्या गनरला, पॅट ब्रोफीला, देऊन टाकलं.

(दृश्य: शेपटीचं टरेट, आतून. कॅमेरा स्थिर.)

इथे जरा वेळ थांबू. चार ब्राउनिंग मशीनगन आणि त्यांच्यामागे एक माणूस कसाबसा मावेल एवढी जागा. पॅराशूट आत ठेवायला जागाच नाही, ते बाहेर विमानाच्या धडात. टरेट सरळ असेल तरच मागचं दार धडात उघडतं. फिरवायला तेलाचा दाब लागतो, आणि तो येतो डावीकडच्या बाहेरच्या इंजिनावरून. मघाशी धूर सोडत सुरू झालं ना, तेच. ते बंद पडलं की हातानं दांडा फिरवत बसायचं.

जर्मन युंकर्स 88 लढाऊ विमानाच्या माऱ्यात डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, आग लागली. वैमानिकानं उड्या मारायला सांगितलं. ब्रोफीचं टरेट आडवं अडकलं, हाताचा दांडाही तुटला. मायनार्स्की दारापर्यंत पोचला होता. ब्रोफी अडकलेला दिसला, तसा तो आगीतून मागे सरपटत गेला. कुऱ्हाड चालवून पाहिली, नुसत्या हातांनी ओढून पाहिलं. कपडे पेटले होते. ब्रोफीनं खुणेनं जा म्हटलं. तो दारापाशी गेला, सलाम केला, ‘गुड नाइट, सर’ म्हणाला आणि उडी मारली.

(दृश्य: फ्रान्समधल्या मेआरिकूरची दफनभूमी.)

पॅराशूट पेटलेलं होतं. गावकऱ्यांना तो सापडला, पण भाजल्यामुळे गेला. विमान कोसळलं, ब्रोफी बाहेर फेकला गेला आणि वाचला. काय घडलं ते त्याच्यामुळेच कळलं. 1946 मध्ये मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान.

(दृश्य: दोन लँकेस्टर, शेजारी शेजारी.)

2014 साली हे विमान अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेलं आणि तिथल्या लँकेस्टरबरोबर उडालं. इतकं जुनं विमान उडवू नये, काचेआड ठेवावं असं म्हणणारे आहेत. आम्हाला ते पटत नाही. काचेआड ठेवलेल्या विमानात ते डावं इंजिन कशासाठी महत्त्वाचं होतं हे कोण विचारणार? संग्रहालय सदस्यांना पैसे घेऊन यातून फेरी मारून आणतं. तिकीट महाग आहे. चार मर्लिनांना पाजायचं म्हणजे तेवढं लागणारच.