जाहिरात कापा, चित्र शाबूत ठेवा

रेकॉर्ड केलेल्या मालिकेतून जाहिराती काढल्या की चित्र धुरकट होतं, ही तक्रार नेहमीची. पण दोष कापण्याचा नाही. कापून झाल्यावर सॉफ्टवेअर अख्खी फाइल पुन्हा एन्कोड करतं, म्हणजे दाबून नव्याने साठवतं, तिथे घात होतो. वाहिनीने चित्र एकदा दाबूनच पाठवलेलं असतं. ते आपण दुसऱ्यांदा दाबतो. पहिल्या वेळी जे तपशील गेले, ते बिटरेट (दर सेकंदाला वापरलेले बिट) कितीही वाढवला तरी परत येत नाहीत.

तेव्हा जे ठेवायचं, त्याचे बिट जसेच्या तसे उचलायचे. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये याला 'कॉपी' म्हणतात. लॉसलेसकट हा मोफत प्रोग्राम त्याच्याच जोरावर चालतो. काम झटपट होतं, कारण संगणक नुसती नक्कल करत असतो.

मग अडतं कुठे? चित्र दाबण्याची पद्धत एमपेग-२ असो किंवा एच.२६४, प्रत्येक फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) पूर्ण साठवलेली नसते. आय-फ्रेम तेवढी स्वयंपूर्ण. पी-फ्रेममध्ये आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं एवढंच असतं, आणि बी-फ्रेम सहसा मागचं-पुढचं दोन्ही बघते. त्यामुळे ब्रेकनंतरचा तुकडा आय-फ्रेमवरच सुरू व्हायला हवा. तुकडा संपवण्याचं बंधन त्या मानाने सैल असतं. एमपेग-२ मध्ये आय-फ्रेम साधारण अर्ध्या सेकंदाला सापडते; एच.२६४ मध्ये अंतर बरंच जास्त असू शकतं, आणि मग कात्री मागच्या आय-फ्रेमवर न्यावी लागून साबणाच्या जाहिरातीचं शेपूट मालिकेला चिकटून येतं. माझं विचाराल तर येऊ द्यावं. ज्यांना ते खुपतं त्यांच्यासाठी स्मार्ट रेंडरिंग आहे: जोडाजवळच्या मोजक्या फ्रेम नव्याने एन्कोड होतात, बाकी सगळं मूळचंच राहतं.

आवाजाकडे मात्र लक्ष हवं, इथेच बहुतेकांची फसगत होते. आपल्याकडचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. एमपी२ पद्धतीने दाबलेल्या आवाजाची फ्रेम, म्हणजे त्याचा एकेक तुकडा, ४८ किलोहर्ट्झला २४ मिलिसेकंदांची. दोघांच्या कडा क्वचितच जुळतात. दर जोडाला वीसेक मिलिसेकंदांची चूक एकाच बाजूला साचत गेली, तर आठ जोडांनंतर ओठ आणि शब्द वेगळे पडलेले सहज जाणवतात. चांगलं साधन ही चूक पुढच्या जोडात भरून काढतं. चूक साचली असेल तर ती शेवटी सर्वांत जास्त दिसते, म्हणून तपासताना शेवटचा प्रसंग आधी बघा.

जाहिराती आपोआप शोधायला कॉमस्किप हा प्रोग्राम आहे. काळ्या फ्रेम, शांतता, वाहिनीचा लोगो गायब होणं, अशा खुणांवरून तो अंदाज बांधतो. अंदाजच तो, कापण्याआधी स्वतः नजर टाकावी.

हे सगळं अर्थात कूटबद्ध नसलेल्या रेकॉर्डिंगपुरतं. डीटीएच कंपनीच्या बॉक्समधलं रेकॉर्डिंग बहुधा त्या बॉक्सबाहेर उघडतच नाही. आणि मालिका चालू असताना खालून सरकणारी जाहिरातीची पट्टी? ती चित्रातच मिसळलेली असते, तिथे कात्री चालत नाही.