शेतकऱ्यांतला अर्धा र

(दृश्य : अंबाजोगाई, सकाळ. योगेश्वरीच्या देवळाकडे जाणारा रस्ता. तिथून एका गल्लीत, साप्ताहिकाच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात. भिंतीशी बांधीव फायलींची थप्पी.)

मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या ज्या गावात आहेत, त्या गावाला मराठी अक्षरांचं काय कौतुक सांगायचं! या कार्यालयात दर आठवड्याला आठ पानं मराठी मजकूर जुळवला जातो. पानं छापून झाली की सगळ्या बातम्या वेबसाइटवर चढतात.

एका दुपारी वाडीवरून एक आजोबा आले. त्यांच्या गावच्या पीकविम्याची बातमी मागं कधीतरी छापून आली होती. त्यांना ती अर्जाला जोडायची होती. तारीख आठवत नव्हती, एवढंच आठवत होतं की मथळ्यात ‘शेतकऱ्यांना’ असा शब्द होता. ऑपरेटर ताईंनी वेबसाइट उघडली आणि शोधाच्या चौकटीत तोच शब्द टाइप केला. तीन बातम्या आल्या. तिन्ही त्याच महिन्यातल्या.

अर्धंअधिक शेतीच्याच बातम्या देणारं साप्ताहिक, आणि शेतकऱ्यांच्या बातम्या फक्त तीन? शेवटी फायली काढल्या, धूळ झटकली, दोन तास पानं उलटली तेव्हा बातमी मिळाली. आजोबांची शेवटची एसटी त्यात चुकली.

ती वेबसाइट मी बनवली होती. लातूरला बसून मी हेच काम करतो : वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर साइटी उभ्या करायच्या, आणि वर्डप्रेसला जे येत नाही ते प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा कोड, लिहून त्याला शिकवायचं. संध्याकाळी ताईंचा फोन आला. “भैया, बातमी हाय, मी स्वतः टाइप केलेली हाय. मग सापडंना कामून?”

(दृश्य : संगणकाचा पडदा. एकाखाली एक दोन शब्द, दोन्ही ‘शेतकऱ्यांना’. कॅमेरा हळूहळू जवळ.)

हे दोन शब्द नीट पाहा. डोळ्यांना काही फरक दिसतो? नाही दिसणार. संगणकाला मात्र दिसतो.

आपल्या मराठीत र दोन तऱ्हांनी अर्धा होतो. एक डोक्यावर चढतो, तो रफार : सूर्य, कार्य, आचार्य. दुसरा अक्षराच्या अलीकडे चंद्रकोरीसारखा आडवा बसतो : दऱ्या, वऱ्हाड, गिऱ्हाईक, शेतकऱ्यांना. हा दुसरा र य आणि ह यांच्याच अलीकडे येतो, आणि त्याच्यावाचून मराठीचं अडतं. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. फरक त्या एका कोरीचा.

संगणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो, त्या पद्धतीचं नाव युनिकोड. युनिकोडमध्ये ही कोर दोन मार्गांनी काढता येते. पहिला मार्ग सरळ : खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, त्याला हलन्त लावायचा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून र टाइप केला की तो ऱ मिळतो. दुसरा मार्ग : साधा र, हलन्त, आणि त्याच्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. या चिन्हाला रुंदी नाही, शाई नाही, पडद्यावर ते दिसत नाही. पण डेटाबेसात ते असतं, एक पूर्ण अक्षर म्हणून.

आता कोडं सुटलं. साप्ताहिकाच्या जुन्या बातम्या डीटीपीच्या जुन्या फॉण्टात होत्या. त्या युनिकोडमध्ये आणताना दुसऱ्या मार्गानं आल्या. ताई आता टाइप करतात ते पहिल्या मार्गानं. वर्डप्रेसचा शोध अक्षराला अक्षर जुळवतो. एक अदृश्य अक्षर आड आलं की त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द, आणि ‘शेतकऱ्यांना’ दोन वाटण्यांत विभागला जातो.

(दृश्य : रात्र. लातूर. टेबलावर लॅपटॉप, बाजूला चहाचा कप. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे.)

वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २७ मे २००३ रोजी पहिल्यांदा बाहेर आलं. ‘बी-टू’ नावाचं एक जुनं मोफत सॉफ्टवेअर बंद पडण्याच्या बेतात होतं. अमेरिकेतला मॅट मुलनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल या दोघांनी त्याचाच कोड घेऊन पुढं काम सुरू केलं. असं करता आलं, कारण त्या कोडाचा परवाना जीपीएल होता : वापरा, वाचा, बदला, पुढं वाटा, आणि वाटताना हेच हक्क समोरच्यालाही द्या. पुढच्याच वर्षी, मे २००४ मध्ये, १.२ ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत प्लगइनची सोय आली. आज जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी दोन तरी वर्डप्रेसवर चालतात. त्याचं फार मोठं श्रेय मी या प्लगइनच्या सोयीला देतो.

प्लगइन म्हणजे दिसायला काय, तर एक फोल्डर आणि त्यात पीएचपी या संगणकी भाषेतली एक फाइल. फाइलच्या माथ्यावर दोन-चार ओळींची टीप : प्लगइनचं नाव, आवृत्ती, लेखक. एवढी टीप दिसली की वर्डप्रेस त्या फाइलला आपल्या यादीत घेतं.

खरी करामत हुकांमध्ये आहे. मोंढ्यात माल येतो तेव्हा तो गाडीतून थेट गोदामात जात नाही. उतराई होते, चाळणी होते, काटा होतो, बोली लागते, पट्टी होते. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी उभा असतो. वर्डप्रेसमध्ये बातमीचा प्रवास असाच टप्प्याटप्प्यानं होतो : जतन होण्याआधी, जतन झाल्यावर, पानावर दिसण्याआधी, शोध सुरू होण्याआधी. प्रत्येक टप्प्यावर वर्डप्रेस थांबून विचारतं, इथं कोणाला काही करायचं आहे का? त्या थांब्याचं नाव हुक. काही हुक नुसती वर्दी देतात, त्यांना अ‍ॅक्शन म्हणतात. काही हुक माल हातात देतात आणि तपासून परत मागतात, ते फिल्टर. फिल्टरमध्ये घेतलेला माल परत द्यायलाच हवा. नवीन मुलं ती शेवटची ओळ लिहायला विसरतात आणि पान कोरं दिसतं.

यात वर्डप्रेसच्या मूळ कोडाला हात लावावा लागत नाही. हे फार महत्त्वाचं आहे. मूळ कोडात केलेला बदल पुढच्या अपडेटला पुसला जातो. प्लगइन वेगळ्या फोल्डरात सुरक्षित राहतो. लातूरच्या माणसाला मराठीतल्या एका अक्षरासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही, कोणाला हात जोडावे लागत नाहीत. या गोष्टीचं मोल मला अजूनही शब्दांत नीट सांगता येत नाही.

(दृश्य : पडद्यावर कोडाच्या ओळी. मग वेबसाइटचं पान. ‘सूऱ्य’, ‘काऱ्यालय’, ‘आचाऱ्य’ हे शब्द ठळक होत जातात.)

माझा पहिला प्रयत्न चुकला. तो कसा चुकला ते सांगतो, कारण मराठीसाठी कोड लिहिणाऱ्या कोणाचाही इथं पाय घसरू शकतो.

मला वाटलं, सोपं आहे. जिथं र, हलन्त आणि य दिसेल, मध्ये अदृश्य चिन्ह असो वा नसो, तिथं ऱ्य करून टाकू. अदृश्य चिन्ह गळून पडलेल्याही काही बातम्या होत्या, त्याही एका फटक्यात सुधारतील. रात्री सगळ्या जुन्या बातम्यांवरून हा कोड फिरवला. सकाळी सातला फोन. “भैया, ‘कार्यालय’ असं कामून दिसायलंय? आन् सूर्याचं काय झालं?”

साइटवर ‘य’च्या डोक्यावरचा एकूण एक रफार मोडला होता. तहसील कार्यालय, कार्यक्रम, मर्यादा, धैर्य, सगळे शब्द विद्रूप. मजकूर फक्त दाखवताना बदलला असता, तर प्लगइन बंद करताच सगळं पूर्ववत झालं असतं. मी तो डेटाबेसात बदलला होता. आदल्या दिवशीचा बॅकअप होता म्हणून साप्ताहिकाची कित्येक वर्षांची मेहनत वाचली. त्या दिवशी ताईंना उत्तर देताना माझा आवाज फुटत नव्हता. त्या फक्त म्हणाल्या, “आधी मला इचारायचं की. कोणता र कुठं येतो ते मला झोपंत पण सांगता येतं.”

त्या बरोबर होत्या. तेव्हापासून प्लगइनची चाचणी आधी त्यांच्याकडे जाते, मग साइटवर.

(दृश्य : ताई आणि निवेदक एकाच टेबलाशी. कागदावर शब्दांची यादी : तऱ्हा, पायऱ्या, नवऱ्या, कुऱ्हाड, सोयऱ्यांना.)

दुसऱ्यांदा आम्ही बसून नियम लिहिले, आणि ते तीनच निघाले.

जिथं अदृश्य चिन्ह आहे, तिथं लिहिणाऱ्याला कोरच हवी होती हे नक्की, तेवढंच बदलायचं. बातमी जतन होताना जो फिल्टर लागतो तिथं हे काम बसवलं, म्हणजे पुढं कोणीही कोणत्याही कीबोर्डवर टाइप करो, डेटाबेसात एकच रूप जाईल. जुन्या बातम्या पन्नास-पन्नासच्या तुकड्यांनी बदलल्या, प्रत्येक तुकड्याआधी बॅकअप.

जिथं चिन्ह नाही, नुसता रफार आहे, तिथं मजकुराला हात लावायचा नाही. तो शब्द ‘आचार्य’ आहे की ‘आचारी’चं रूप आहे, हे कोडाला कळत नाही आणि कळल्याचा आव त्यानं आणू नये.

तिसरा नियम शोधाचा. शोधणारा घाईत असतो, फोनवर असतो, जसं जमेल तसं टाइप करतो. त्याच्या शब्दात र्य किंवा र्‍य आला, तर प्लगइन दोन्ही रूपांनी शोधतो. एखादी बातमी जास्तीची आली तरी चालेल, हवी ती राहून जायला नको.

(दृश्य : ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत लांबलचक दुवा. अक्षरांऐवजी टक्क्यांची चिन्हं.)

याच साइटवर आणखी एक दुखणं होतं. बातमीच्या मथळ्यावरून वर्डप्रेस तिचा पत्ता तयार करतं. देवनागरी अक्षर पत्त्यात जसंच्या तसं जात नाही. ‘म’ हे एक अक्षर तिथं टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-ए-ई असं होतं. म्हणजे नऊ चिन्हं. काना, मात्रा, हलन्त यांचीही प्रत्येकी नऊ. आणि पत्त्यासाठी डेटाबेसात जागा आहे २०० चिन्हांची. इंग्रजी मथळ्याला ती ऐसपैस आहे. मराठीला बावीस अक्षरखुणांत ती संपते.

‘मराठवाड्यात सोयाबीनच्या दरात घसरण’ हा मथळा घ्या. ‘मराठवाड्यात’ अकरा खुणा, ‘सोयाबीनच्या’ अकरा खुणा, मध्ये एक आडवी रेघ. १९९ चिन्हं झाली. ‘दरात घसरण’ला जागाच नाही! पुढच्या आठवड्यात ‘मराठवाड्यात सोयाबीनच्या दरात वाढ’ अशी बातमी आली, की तिचाही पत्ता तोच. मग वर्डप्रेस मागं दोनचा आकडा जोडतं, आणि त्या आकड्याला जागा करताना शेवटचा काना कापतं. घसरण आणि वाढ यांत फरक राहतो तो ‘सोयाबीनच्या’ आणि ‘सोयाबीनच्य-२’ एवढाच. व्हॉट्सअ‍ॅपवर असा दुवा आला तर आडत्याला किंवा शेतकऱ्याला त्यातून काय कळणार?

मथळ्याचा पत्ता होतो त्या टप्प्यावरही फिल्टर आहे. तिथं आम्ही मथळ्याचं रोमन लिपीत रूपांतर बसवलं. पत्ता लहान झाला, वाचता येऊ लागला, पूर्ण मावू लागला. जुन्या बातम्यांचे पत्ते मात्र बदलले नाहीत. लोकांनी ते जपून ठेवलेले असतात; दिलेला पत्ता मोडू नये, असं माझं मत आहे.

आकड्यांचं काम त्या मानानं लहान होतं. वर्डप्रेस सव्वा लाख लिहितं ते १२५,०००. आपण लिहितो १,२५,०००. आकडा छापण्याआधीच्या फिल्टरवर वीसेक ओळी लागल्या आणि आवकेचे आकडे आपल्या वळणाचे झाले.

(दृश्य : लातूरचा मोंढा. काटा, पोती, हमालांची लगबग. एक तरुण आडत्याच्या गादीशेजारी उभं राहून फोनवर किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर भरतोय.)

मोंढ्यातले भाव साइटवर भरायला या प्लगइनमध्ये एक अर्ज आहे. तो त्याचा सगळ्यात नाजूक भाग. बाहेरून कोणीतरी काहीतरी भरतं, तिथं धोका शिरतो. म्हणून तीन गोष्टी रोज पाळाव्या लागतात. भरणाऱ्याला तो हक्क आहे का ते पाहायचं. आलेला मजकूर आत घेताना स्वच्छ करायचा. बाहेर दाखवताना पुन्हा निर्धोक करायचा. शिवाय अर्ज आपल्याच पानावरून आला आहे याची खूण, जिला नॉन्स म्हणतात, ती तपासायची. यातलं एक जरी राहिलं, तर सोयाबीनच्या भावाच्या जागी कोणीही काहीही लिहून जाईल, आणि त्या आकड्यावर विसंबून गाडी भरणारा माणूस फसेल. दर चुकीचा दिसण्यापेक्षा दर न दिसलेला बरा.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नांदेड-परभणीच्या मुलांना मी इथंच सर्वांत जास्त वेळ बसवतो. त्यांना घाई असते ती पडद्यावर काहीतरी चमकतं दाखवायची. मी म्हणतो, आधी फंक्शनच्या नावापुढं आपला उपसर्ग लाव. ‘दर दाखवा’ असं साधं नाव दिलंस आणि दुसऱ्या प्लगइनमध्येही तेच नाव निघालं, तर साइट जागीच बंद पडते. पडलीच, तर घाबरू नकोस; होस्टिंगवर जाऊन प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदल, साइट उभी राहते. मग सावकाश चूक शोध.

(दृश्य : पुन्हा अंबाजोगाईचं कार्यालय. दुपार. शोधाच्या चौकटीत ‘शेतकऱ्यांना’. पडद्यावर बातम्यांची यादी खाली खाली सरकत राहते.)

आता तो शब्द टाइप केला की यादी संपत नाही. दुष्काळ, अनुदान, कर्जमाफी, गारपीट, विमा. ताईंनी आजोबांच्या गावाचं नाव जोडलं, आणि ती बातमी पहिलीच आली. त्यांनी तिची प्रत काढून आठवडी बाजाराला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती वाडीवर पाठवली. आजोबांनी ती मागितलेली नव्हती.

या प्लगइनची फाइल मी आता वर्डप्रेसच्या सार्वजनिक भांडारात देण्यासाठी तयार करतोय. तिथले स्वयंसेवक कोड तपासतात, म्हणून प्रत्येक ओळ पुन्हा वाचतोय.

(दृश्य : निवेदकाचा फोन वाजतो. पडद्यावर ताईंचं नाव.)

“भैया, ‘ॲग्रो’ सापडंना. दुकानांच्या जाहिराती हायत की ढीगभर.”

ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ साली. त्याआधी लोक अ लिहायचे, मग तेच अदृश्य चिन्ह, मग चंद्र.

“ताई, यादी करून ठेवा,” मी म्हणालो. “ॲड., ॲप, ॲग्रो, जे जे आठवंल ते. उद्या सकाळच्या गाडीनं येतो.”