फकाराव्यात उतरण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोतू बेटांमध्ये फकारावा नावाचं कंकणद्वीप आहे. प्रवाळाचं तुटक कडं आणि त्याच्या आत सुमारे 60 किलोमीटर लांब, वीसेक किलोमीटर रुंद लगून, म्हणजे कड्याने वेढलेलं समुद्राचं पाणी. डोंगर नाही, नदी नाही. ताहितीहून निघालेली काही क्रूझ जहाजं इथे दिवसभर थांबतात. त्या दिवसाचं काय करायचं, ते आज ऐकू या.

पहिली गोष्ट, जहाज आत येईलच असं धरून चालू नका. कड्याबाहेर तळ एकदम खोल जातो, तिथे नांगर धरत नाही. म्हणून जहाज उत्तरेच्या गारुए पासमधून, म्हणजे कड्यातल्या मोकळ्या वाटेने, लगूनमध्ये शिरतं आणि रोतोआवा गावासमोर उभं राहतं. ही वाट दीडेक किलोमीटर रुंद आहे, तरी तिथल्या पाण्याला जबरदस्त ओढ असते. बाहेरच्या लाटा कड्यावरून आत सांडत राहतात आणि साठलेल्या पाण्याला बाहेर पडायला गारुए आणि दक्षिणेची तुमाकोहुआ, अशा दोनच मोठ्या वाटा आहेत. दक्षिणेकडून मोठ्या लाटा येत असल्या की भरतीचं कोष्टक बाजूला राहतं, ओहोटीसारखी बाहेरची ओढ तासन् तास टिकते. त्यात वारा समोरून आला तर पासच्या तोंडाशी उभ्या लाटा उठतात. कप्तान थांबला किंवा पुढे निघून गेला, तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. बंदर गाळण्याची मुभा बहुतेक तिकिटांच्या अटींत असतेच.

गावापर्यंत टेंडर नेते, म्हणजे जहाजाची छोटी बोट. ती सतत वरखाली होते. पिशवी पाठीवर घ्या, दोन्ही हात मोकळे ठेवा. खलाशाचा पंजा धरू नका, घामाने निसटतो. त्याने तुमचं आणि तुम्ही त्याचं मनगट धरायचं. बोट वर येऊन क्षणभर थबकते, तेव्हाच पाऊल टाकायचं. तो ‘थांबा’ म्हणाला तर उचललेला पाय मागे घ्या.

जहाज आठ तास थांबणार असलं, तरी रांगा आणि फेऱ्या वजा जाता हाती चार-पाच तास उरतात. म्हणून एकच बेत ठरवा. करड्या शार्कांच्या झुंडींसाठी प्रसिद्ध असलेला दक्षिण पास कितीही खुणावू दे, तो लगूनच्या दुसऱ्या टोकाला आहे. वेगवान बोटीनेही जाऊन येऊन तीनेक तास जातात. जहाजाने स्वतः सहल ठेवली असेल तर जा, नाहीतर त्याचा नाद सोडा. गावात सायकल भाड्याने घ्यावी, रस्त्याने निघावं आणि लगूनच्या बाजूला उथळ पाण्यात पाण्याखाली पाहायचा मुखवटा लावून तरंगावं, हे आमच्या मते उत्तम. समुद्राच्या बाजूला पोहायला उतरू नका, लाट प्रवाळावर आपटते. उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क फिरतात. त्यांना खाऊ घातलं नाही तर ते सहसा आपल्या वाटेला जात नाहीत.

जाड तळव्याचे पाण्यातले बूट हवेतच. तळाशी दगडमासा असतो आणि तो दगडासारखाच दिसतो. प्रवाळावर उभं राहू नका. खरचटलंच तर जखम गोड्या पाण्याने धुऊन आतले कण काढा, नाहीतर ती चिघळत राहते. उन्हापासून बचावाला मलमापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा बरा.

लगूनमधल्या काही माशांत सिग्वाटेरा हे विष साठतं. शिजवून ते जात नाही आणि चवीवरूनही कळत नाही. कुठला मासा चालतो ते गावकऱ्यांना ठाऊक असतं, त्यांनी वाढलेलाच खा. शाकाहारी मंडळींनी जहाजावर पोटभर नाश्ता करून निघावं. पिण्याचं पाणीही जहाजावरूनच भरून न्या; गाव बव्हंशी साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर चालतं आणि दुकानातला माल ताहितीहून जहाजाने येतो.

इथे पॅसिफिक फ्रँक चालतो. साधारण 119 फ्रँक म्हणजे एक युरो. रोख रक्कम ताहितीवरच्या पापीते शहरातच काढून ठेवा. काळे मोती घ्यायचे तर आडव्या वळ्यांचा मोती गोल मोत्यापेक्षा बराच स्वस्त पडतो आणि दिसतोही छान. प्रवाळाचा तुकडा किंवा मोठ्या शिंपल्याची कवची मात्र उचलू नका. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली दोन्ही संरक्षित आहेत, मुंबईच्या विमानतळावर उत्तर देत बसावं लागेल.

व्हिसाचं आधीच पाहा. शेंगेन व्हिसा इथे आपोआप चालत नाही, अर्जातच फ्रेंच पॉलिनेशियाचा उल्लेख हवा. अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर तिथलाही व्हिसा लागतो.

आणि घड्याळ. फकारावा भारतापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे, पण फ्रेंच पॉलिनेशियातलीच मार्केसास बेटं फकाराव्याच्या अर्धा तास पुढे. तिथून येणाऱ्या जहाजावर फोन जुनीच वेळ दाखवत राहू शकतो. फोनमधली आपोआप वेळ बंद करा, जहाजाची वेळ लावा, आणि शेवटच्या टेंडरच्या आधीची टेंडर पकडा.