अरोवाना घरात जगवायचा तर

मित्रहो, या विषयाची सुरुवात घरातल्या काचपेटीपासून न करता मी पश्चिम बोर्निओतल्या कापुआस नदीपासून करतो, कारण आशियाई अरोवाना या माशाला काय मानवते आणि काय सोसत नाही, याची बरीचशी उत्तरे तिथल्या पाण्यातच आहेत. कापुआसच्या वरच्या खोऱ्यात सेंटारुम हा तळ्यांचा विस्तीर्ण समूह आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी तिथल्या जंगलात शिरते, त्यात पालापाचोळा कुजतो आणि पाणी कोऱ्या चहासारखे तपकिरी, मऊ आणि आम्लधर्मी होते. ज्याला आपण सुपर रेड म्हणतो, तो लाल अरोवाना या पाण्यातला. सुमात्रात लाल शेपटीचा सोनेरी, मलेशियात पेराक राज्यातल्या बुकित मेराहच्या तलावात पाठीपर्यंत सोनेरी खवले चढलेला आणि थायलंड-कंबोडियाकडे हिरवट, असे त्याचे इतर प्रकार आहेत.

हा मासा महाग का, हेही समजून घ्यायला हवे. तो तीन-चार वर्षांचा झाल्याशिवाय प्रजननक्षम होत नाही, मादी एका वेळी काही डझनच मोठी अंडी घालते आणि नर ती अंडी व नंतर पिल्ले मिळून सुमारे दोन महिने तोंडात सांभाळतो. अशा संथ गतीने वाढणाऱ्या माशाला अतिरेकी मासेमारी परवडत नाही. म्हणूनच 1975 पासून तो साइट्स या, संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट एकमध्ये आहे आणि रानातून पकडलेल्या अरोवानाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर येथील नोंदणीकृत मत्स्यशेतीत जन्मलेली पिल्ले तेवढी विकता येतात; त्यांच्या शरीरात मायक्रोचिप बसवलेली असते आणि चिपच्या क्रमांकाचे प्रमाणपत्र सोबत मिळते.

आता घरातल्या टँककडे वळू. लाखाच्या घरातला मासा दगावला की आपल्याकडे पहिला संशय रोगावर जातो आणि औषधांच्या बाटल्या उघडल्या जातात. माझे ठाम मत असे आहे की घरातले बहुसंख्य अरोवाना रोगाने मरत नाहीत, पाण्याने मरतात. आणि त्यातले सर्वांत फसवे मरण ज्या दिवशी मालक मोठ्या काळजीने पाणी बदलतो, त्या दिवशी येते. हे नीट समजावून सांगतो.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये ही जिवाणूंची वस्ती रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून टँक आणि मासा एकाच दिवशी घरी आणणे म्हणजे माशाला स्वतःच्याच विषात सोडणे होय. पण ही प्रक्रिया चालू असताना आम्लही तयार होते आणि पाण्यातले, आम्लाला आवर घालणारे कार्बोनेट खर्ची पडते. दोन-तीन महिने पाणी बदलले नाही तर पीएच (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी हे सांगणारा आकडा; सातच्या खाली आम्लधर्मी) हळूहळू सहाच्या खाली घसरतो, जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते आणि अमोनिया साचत जातो. तरीही मासा व्यवस्थित पोहतो, खातो, कारण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या सौम्य रूपात असतो. अठ्ठावीस अंश तापमानाला पीएच सहा असेल तर त्यातला जेमतेम हजारावा भाग विषारी असतो, सातला पाऊण टक्क्याच्या आसपास, आणि आठला मात्र सहा-सात टक्के. अशा टँकमधले निम्मे पाणी काढून त्यात बोअरवेलचे आठ पीएचचे पाणी भरले की साचलेला अमोनिया काही मिनिटांत अनेक पटींनी विषारी होतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते, त्यामुळे पुणे, नाशिक, सोलापूर भागातल्या हौशी मंडळींना हा धोका विशेष आहे. मासा धापा टाकत वर येतो, कल्ले लालभडक होतात, तो काचेवर आपटतो आणि रात्रीतून संपतो. मालक मात्र ताज्या पाण्यालाच दोष देतो आणि पुढच्या माशाचे पाणी आणखी उशिरा बदलतो.

यावर उपाय साधा आहे. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, नळाचे पाणी असेल तर अँटी-क्लोरीन टाकूनच भरावे, आणि बदलण्यापूर्वी टँकच्या व नव्या पाण्याचा पीएच टेस्ट किटने पाहावा. दोन्हींत एकापेक्षा जास्त अंतर दिसले तर खाणे कमी करून रोज पाच-दहा टक्केच पाणी बदलत यावे. पीएच साडेसहा ते सात, तापमान सत्तावीस ते तीस अंश, आणि मुख्य म्हणजे दोन्हींत स्थिरता, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

टँक सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच असावा. लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची, कारण दोन फूट वाढणाऱ्या माशाला कणा न मुरडता वळता आले पाहिजे. यात आठशे लिटर पाणी मावते, म्हणजे काच आणि स्टँड धरून वजन एक टनाच्या घरात जाते. फ्लॅटमध्ये ही पेटी भिंतीलगत, शक्यतो तुळईवर येईल अशी ठेवावी आणि आधी स्थापत्य अभियंत्याला विचारावे.

वीज गेल्यावर काय करणार, हे मासा आणण्यापूर्वीच ठरवावे. बॅटरीवरचा एअर पंप जवळ असलाच पाहिजे. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, काही तास बंद राहिला तर आतले जिवाणू प्राणवायूवाचून मरू लागतात आणि ते सडके पाणी फिल्टर सुरू होताच टँकमध्ये येते. म्हणून तो आधी रिकामा करून, टँकच्याच पाण्याने हलका विसळून मगच जोडावा.

झाकणाच्या बाबतीत तडजोड नको. हा मासा पाण्याबाहेर उसळून फांदीवरचे किडे पकडणारा आहे आणि अंधारात अचानक दिवा लागला की तो दचकून उडी मारतो. झाकण जड, चारही बाजूंनी बंद आणि खिळवलेले असावे, पाइपांसाठी ठेवलेल्या फटीसुद्धा जाळीने बुजवाव्यात. आधी खोलीतला दिवा लावावा, काही वेळाने टँकचा.

खाण्यात सोललेली कोळंबी, नाकतोडे, रातकिडे आणि पेलेट (गोळ्यांचे तयार खाद्य) यांचा पालट ठेवावा. बाजारातले जिवंत गोल्डफिश खायला देण्याची सवय मात्र मोडायला हवी, कारण त्यांच्यासोबत परजीवी येतात आणि त्यांच्यातला थायमिनेज हा घटक जीवनसत्त्व बी-एक नष्ट करतो. घरातली झुरळेही नकोत. पेस्ट कंट्रोलचे औषध त्यांच्यातून माशात जाते. डोळा खाली झुकण्याच्या विकाराचे कारण अजून वादात आहे, सततची नजर खाली आणि डोळ्यामागची चरबी ही त्यातली प्रमुख अनुमाने. चरबीयुक्त खाणे कमी ठेवणे एवढे आपल्या हातात आहे. कल्ल्याची कड बाहेर वळू लागली तर शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी पाणी आणि प्राणवायू तपासावा.

शेवटी कायद्याची बाजू. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्यात स्वस्तात मिळतो तो बहुधा ॲमेझॉनचा सिल्व्हर अरोवाना. त्याचे शरीर शेपटीकडे निमुळते, वरखालचे पर लांब आणि शेपटीपर्यंत पोहोचलेले असतात. आशियाई मासा मोठ्या खवल्यांचा, रुंद आणि गोलसर शेपटीचा असतो. वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम यांनुसार साइट्स यादीतला प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला चिप रीडर लावायला सांगावे आणि पडद्यावरचा क्रमांक प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी अंक-अंक जुळवून पाहावा. कागद नंतर देतो असे उत्तर मिळाले तर मासा कितीही देखणा असला तरी तिथून निघून यावे.