मामांच्या फोनवरचं फीड
मंडळी, विषय दिलाय फीड, म्हणजे खाली सरकत जाणारी कार्डांची यादी, पडद्यावर भरभर रंगवण्याचा. पण आधी मामांच्या फोनबद्दल सांगू द्या, कारण मला जे कळलं ते तिथेच.

मामा बार्शीजवळ तूर घेतात. आम्ही बाजारभावांचं वेब ॲप केलं होतं. एका बाजार समितीचं एक कार्ड. दाबलं की आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर उघडायचे. माझ्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत. दिवाळीत ओट्यावर बसून मामांच्या फोनवर ते उघडलं. 2 जीबी रॅम, काचेला तडा. त्यांनी बार्शीचं कार्ड दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. जरा वेळानं दोन्ही दाबणी एकदम पोचली, कार्ड उघडलं आणि लगेच मिटलं. मामा म्हणाले, "आज बार्शीत सौदेच निघाले नाहीत वाटतं रे."

सौदे निघाले होते. दर त्या फोनमध्ये आलेलाही होता. आमच्या संथ कोडनं त्या माणसाला खोटी बातमी दिली, आणि तिच्यावर विसंबून ते माल घरात ठेवणार होते. हे मला अजून टोचतं.

आपलं ॲप 2 जीबीच्या फोनवर कुणी कुणी पाहिलंय? हात वर करा. चार. नाही नाही, लॅपटॉपवर खिडकी बारीक केलेली धरायची नाही!

रात्री केबल लावून क्रोमच्या परफॉर्मन्स पॅनेलमध्ये पाहिलं, तर जांभळ्या पट्ट्यांची रांग. जांभळा म्हणजे मांडणीचं काम, कुठली गोष्ट पानावर कुठे आणि केवढी हे ब्राउझरनं ठरवणं. आमचं लूप, म्हणजे एकेक कार्ड घेत जाणारा कोड, एका कार्डाची ऑफसेटहाइट (पडद्यावरची उंची) विचारायचं, लगेच त्याची उंची बदलायचं, मग पुढचं कार्ड. उंची बदलली की आधीची मांडणी शिळी. पुढची उंची विचारली की ब्राउझरला ती पुन्हा करावी लागते. 400 कार्डं, 400 वेळा. 60 हर्ट्‌झच्या पडद्यावर एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, मिळतात जेमतेम 16.7 मिलिसेकंद. आधी सगळ्या उंच्या वाचून घेतल्या, मग एकदम लिहिल्या, पट्टे गेले.

चिठ्ठी आली, तीनच मिनिटं उरलीत. मूळ विषय आता घाईत.

न दिसणारं रंगवू नका. व्हर्च्युअल लिस्टमध्ये पडद्यावरची आणि आजूबाजूची थोडी कार्डंच डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरनं धरलेल्या पानाच्या रचनेत, राहतात. पण मग पानावर 'लातूर' शोधलं तर सापडत नाही, कारण ते कार्ड तिथे नसतंच. म्हणून काही शे कार्डांपर्यंत मी कंटेंट-व्हिजिबिलिटी: ऑटो वापरतो, पडद्याबाहेरचं रंगवणं टाळायला सांगणारी सीएसएसची एक ओळ. 2020 मध्ये क्रोम 85 पासून ते आलं. कार्ड डॉममध्ये राहतं, शोधताही येतं. सोबत कंटेन-इंट्रिन्सिक-साइज, म्हणजे न रंगवलेल्या कार्डाचा अंदाजे आकार, द्या, नाहीतर स्क्रोलबार उड्या मारतो.

चित्रांना रुंदी-उंची लिहा, म्हणजे वाचता वाचता मजकूर खाली ढकलला जात नाही. खालच्या चित्रांना लेझी लोडिंग, म्हणजे जवळ आल्यावरच ती उतरवायची. पहिल्या चित्राला मुळीच नको, तेच तर आधी दिसायला हवं.

आणि मोजायचं ते आयएनपी (इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट). मार्च 2024 पासून ते कोअर वेब व्हायटल्समध्ये, गूगलच्या पानाच्या अनुभवाच्या मुख्य मापांमध्ये, आहे: बोट लागल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा वेळ, 200 मिलिसेकंदांच्या आत. तो 75 व्या पर्सेंटाइलला बघतात, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर भेटींत तरी तो आत बसायला हवा; सरासरीला नाही. सरासरी काढली असती तर आमच्या लॅपटॉपांनी मामांचा फोन झाकून टाकला असता.

हं, विचारा, मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर केलाय.